गॅस संपत नाही, गळतो

मार्चची उन्हं तापली की दादर, परळ, लालबागच्या सोसायट्यांत घरोघरी एकच संवाद ऐकू येतो. मेकॅनिक खिडकीबाहेर वाकून आउटडोरला गेज लावतो आणि सांगतो, "काका, गॅस कमी झालाय, भरावा लागेल." काका विचारतात, "किती होतील?" आकडा येतो, दोनशे रुपयांची घासाघीस होते, गॅस भरला जातो, खोली गार होते. पुढच्या मार्चमध्ये तोच मेकॅनिक, तीच खिडकी, तेच बोलणं. मागच्या वर्षी भरलेला गॅस गेला कुठे, हे मात्र कुणीच विचारत नाही.

हवेत गेला. दुसरीकडे जायला त्याला वाटच नाही. एसीतला किंवा फ्रिजमधला गॅस म्हणजे इंधन नव्हे. चालताना तो जळत नाही, झिजत नाही, खर्च होत नाही. बंद नळीत फिरताना तो आत वाफ होऊन खोलीतली उष्णता उचलतो, बाहेर कॉम्प्रेसरच्या दाबाखाली ती टाकून देतो, पुन्हा द्रव होतो आणि परत आत येतो. जोडणी नीट असेल तर मशीनच्या सगळ्या आयुष्याला तोच गॅस पुरतो. गॅस कमी झाला असेल तर नळीला, जोडाला किंवा कॉइलला कुठेतरी भोक आहे, इतकाच त्याचा अर्थ. ते भोक न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे घरमालकाचे पैसे आणि शहराची हवा, दोन्हींवर पाणी सोडणं.

आता हा गॅस किती महागात पडतो ते पाहू. दीड टनाच्या स्प्लिट एसीत साधारण किलोभर गॅस असतो. जुन्या मशीनमध्ये तो आर-22 असतो. ओझोनचा थर तो खातोच, शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,810 पट उष्णता धरतो. लिटरभर पेट्रोल जाळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे आर-22 चा एक किलो हवेत सोडला की जवळजवळ 780 लिटर पेट्रोल जाळल्याचं पाप पदरात पडतं. लिटरला 45 किलोमीटर देणारी स्कूटर तेवढ्या पेट्रोलवर 35 हजार किलोमीटर धावेल. आणि हे पाप करायला वेळ किती लागतो? नट सैल करून दोन मिनिटं.

आर-22 नंतर आलेला आर-410ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णता धरण्यात त्याच्याही पुढे आहे: सुमारे 2,088 पट. आज बहुतेक नव्या स्प्लिट एसींत आर-32 असतो, तो सुमारे 675 पट. पूर्वीपेक्षा बरा, निर्दोष नव्हे. प्रोपेन, म्हणजे आर-290, अवघा 3 पटींच्या आसपास. घरातल्या बहुतेक नव्या फ्रिजांत आता आर-600ए असतो, तोही त्याच घरातला. पर्याय आहेत, माहीत आहेत, बाजारात मिळतात. तरीही गळती चालूच आहे, कारण गॅस बदलला आणि हातांच्या सवयी तशाच राहिल्या.

जगाने या बाबतीत झोपा काढल्या असं कुणी म्हणू नये. तेव्हाच्या फ्रिज-एसीतले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोनचा नाश करतात हे मोलिना आणि रोलंड यांनी 1974 मध्ये सांगितलं. हेच वायू पृथ्वी तापवतातही, हे पुढच्याच वर्षी वीरभद्रन रामनाथन या भारतीय शास्त्रज्ञाने दाखवून दिलं. ओझोन वाचवण्यासाठी 1987 मध्ये माँट्रियल करार झाला, 1992 मध्ये भारत त्यात आला. आयआयटी मुंबईत शिकलेल्या राजेंद्र शेंडे यांनी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ओझोनअ‍ॅक्शन विभाग पॅरिसमधून सांभाळला. विकसनशील देशांना हे वायू सोडायला मदत करणं हेच त्या विभागाचं काम. ऑक्टोबर 2016 मध्ये किगालीत करार वाढवला गेला आणि ओझोनला निरुपद्रवी पण हवा तापवणारे वायूही यादीत आले. त्याचं पालन झालं तर या शतकाअखेर अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळू शकते. एका करारातून एवढी मिळकत दुसरीकडे क्वचितच दिसते.

पण करार होतो किगालीत आणि गळती होते काळाचौकीत. आपला कच्चा दुवा तिथे आहे.

या धंद्याची मुळं आपल्याच गल्ल्यांत आहेत. अर्देशिर गोदरेज यांनी 1897 मध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली ती लालबागला, गॅस कंपनीच्या शेजारच्या एका शेडमध्ये. त्याच घराण्याच्या कंपनीने 2012 मध्ये प्रोपेनवर चालणारा स्प्लिट एसी बाजारात आणला. असं धाडस करणाऱ्या जगातल्या पहिल्या मोजक्या कंपन्यांत ती होती. व्होल्टास 1954 ची, तिचं मुख्यालय चिंचपोकळीला, आंबेडकर रस्त्यावर. मफतलाल घराण्याच्या नवीन फ्लोरिनने 1967 मध्ये सुरतेला गॅसचा कारखाना काढला. तिचा 'माफ्रॉन' मेकॅनिक मंडळींच्या चांगला ओळखीचा. ज्या गिरणगावात भोंगे वाजत होते, त्याच्या उंबऱ्यावर थंडाव्याचा हा उद्योगही उभा राहिला. म्हणून या उद्योगाला चार खडे बोल सुनावायचा हक्क इथल्या माणसाला आहे.

कारखान्याच्या आत या उद्योगाने काम केलं, ते मान्य. तिथे गॅस मोजून भरतात, प्रत्येक मशीनची गळती तपासतात. सरकारने नेट लावला तेव्हा गॅस बनवणारेही सुधारले. आर-22 बनवताना एचएफसी-23 नावाचा वायू आपोआप तयार होतो, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 14,800 पट घातक. तो हवेत सोडू नका, जाळून नष्ट करा, असा आदेश भारत सरकारने ऑक्टोबर 2016 मध्ये काढला. कारखाने बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे एका आदेशात काम झालं. नव्या मशीनमध्ये आर-22 भरण्याची मुदतही 2024 अखेर संपली.

पण कारखान्याच्या फाटकाबाहेर काय? बिल फाटलं की कंपनीच्या लेखी विषय संपतो. तिथून पुढे मशीन अठराव्या मजल्यावर जातं ते एका पोराच्या खांद्यावरून, आणि त्या पोराला पैसे मिळतात नगावर. दिवसाला जितके एसी बसतील तितकी कमाई. त्याने व्हॅक्यूम पंप वीस मिनिटं चालवला तर त्याची वीस मिनिटं बुडतात. म्हणून तो मशीनमधलाच थोडा गॅस सोडून नळीतली हवा बाहेर ढकलतो आणि नट आवळून पुढच्या घरी पळतो. नळीत राहिलेला ओलावा तेलात मिसळतो, आम्ल तयार होतं, ते आतून धातू पोखरतं, कधी कॉम्प्रेसर जळतो. नवीन मशीनला तीन वर्षांत गॅस का लागतो, याचं उत्तर अनेकदा पहिल्या दिवसाच्या त्या वाचवलेल्या वीस मिनिटांत असतं.

घर बदलताना एसी काढायचा असतो तेव्हाचं दृश्य तर आणखी वाईट. दोन पाने लागतात, जाड नळीचा नट फिरतो आणि सूं करून पांढरी वाफ बाहेर येते. हाताला तेलाचा तवंग लागतो, नटाभोवती क्षणभर बर्फ धरतं. मिनिट-दोन मिनिटांत आवाज थांबतो. खाली बसलेला हेल्पर नळी गुंडाळायला घेतो. नव्या घरी पुन्हा गॅस भरायचे पैसे मालकाने द्यायचे, हे आधीच ठरलेलं असतं.

यातला एक थेंबही वाया घालवायची गरज नसते. आउटडोरवर दोन व्हॉल्व्ह असतात. एसी कूलिंगवर चालू ठेवायचा आणि अ‍ॅलन कीने बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. कॉम्प्रेसर आतल्या कॉइलमधला आणि नळीतला सगळा गॅस ओढून आउटडोरमध्ये जमा करतो. गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद, लगेच मशीनही बंद. याला पंप डाऊन म्हणतात. पाच-सात मिनिटांचं काम, खर्च शून्य, नव्या घरी तोच गॅस पुन्हा वापरता येतो. कॉम्प्रेसरच बंद पडला असेल तर रिकव्हरी मशीन आणि सिलिंडर लागतो. ते महाग असतं, एकट्या मेकॅनिकला झेपत नाही, हे खरं. पण चालू मशीनच्या पंप डाऊनला अ‍ॅलन की आणि गेजशिवाय काय लागतं? माहिती लागते, आणि ग्राहकाने "करा" म्हणावं लागतं. आपण म्हणत नाही.

मुंबईची हवाही या नळ्यांची वैरी. गिरगाव चौपाटीपासून वरळीपर्यंत खारा वारा आउटडोरच्या पत्र्यांना आणि कॉइलला खातो. नाल्याजवळच्या, उघड्या गटाराजवळच्या घरांत गंधकयुक्त वायू तांब्याला पोखरतो, आतल्या कॉइलला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. अशा घरात दर वर्षी गॅस भरून काहीही साधत नाही. गंज धरणार नाही असा लेप दिलेली कॉइल घ्यावी लागते. ही गोष्ट विक्रेत्याने एसी विकताना सांगायची, गॅस तीनदा भरून झाल्यावर नव्हे.

आणि बिल्डर मंडळींनीही कान उघडे ठेवून ऐकावं. गिरगाव-लालबागच्या चाळी पाडून तुम्ही जे टॉवर उभे करता, त्यांत आउटडोर टांगायची जागा असते, पण त्याच्यापाशी उभं राहायची जागा नसते. काही ठिकाणी तर ती मशीनं अरुंद डक्टमध्ये एकावर एक कोंबलेली असतात, एकाची गरम हवा दुसरा ओढतो आणि सगळीच तापतात. पंधराव्या मजल्यावर दोरीला लटकून एका हाताने खिडकी धरलेला माणूस साबणाचा फेस लावून प्रत्येक जोड तपासेल, ही अपेक्षाच अमानुष आहे. तो जीव वाचवेल की लीक शोधेल? त्याला पाय रोवायला पक्की जागा द्या. गळती कमी करायचा उपाय नकाशा काढतानाच सुरू होतो, आणि या उपायात एका कामगाराचा जीवही वाचतो.

इथे कुणी म्हणेल, मग एसी वापरूच नका. मी तसं मुळीच म्हणणार नाही. थंडावा ही चैन राहिलेली नाही. जानेवारी 2021 मध्ये करोनाच्या लशीची मुंबईतली पहिली खेप आली, ती परळच्या एफ दक्षिण विभाग कार्यालयात ठेवली गेली. 2 ते 8 अंशांची साखळी तुटली असती तर त्या कुप्यांचा उपयोग शून्य. केईएममधलं ऑपरेशन थिएटर, टाटाची औषधं, दादरच्या डेअरीतलं दूध, लालबागच्या बाजारातली मासळी, सगळ्यांना गारवा लागतो. मे महिन्याच्या दमट रात्री झोप लागणं हीसुद्धा माणसाची साधी गरज आहे. बीडीडी चाळींतली 15 हजारांहून अधिक कुटुंबं 160 चौरस फुटांतून 500 चौरस फुटांच्या घरांत जायला निघाली आहेत. त्यांनी एसी लावला तर त्यांच्याकडे बोट दाखवायचा अधिकार कुणालाही नाही.

उलट म्हणूनच हा विषय तातडीचा आहे. केंद्र सरकारच्या 2019 च्या कूलिंग आराखड्यात देशातल्या जेमतेम 8 टक्के घरांत एसी असल्याचं म्हटलं होतं, आणि 2037-38 पर्यंत तो आकडा 40 टक्क्यांवर जाईल असा अंदाज होता. म्हणजे बहुतेक मशीनं अजून बसायची आहेत. आजच्या सवयी त्या प्रत्येक मशीनमागे जाणार. त्याच आराखड्याने एक लाख मेकॅनिकांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं लक्ष्य ठेवलं. ते प्रमाणपत्र पाहायला मागतो कोण? आपण डॉक्टरची पदवी भिंतीवर शोधतो, आणि खिडकीत दाबाखालचा गॅस आणून देणाऱ्या माणसाला फक्त भाव विचारतो.

प्रशिक्षण इथे नवं नाही. गिरणगावातल्या पोरांनी आयटीआयमध्ये फ्रिज-एसीचा ट्रेड घेतला. मनोहर जोशींनी 1961 मध्ये दादरला कोहिनूर ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, तिथून कितीतरी मुलं हाताचं काम शिकून बाहेर पडली. 1982 च्या गिरणी संपानंतर ज्या घरांत गिरणीचा पगार थांबला, त्यांतल्या अनेक घरांना अशाच हातांनी सावरलं. त्या कारागिराला कमी लेखून गळती थांबणार नाही. त्याला नव्या गॅसची ओळख हवी. प्रोपेन पेट घेतो, आर-32 सुद्धा काही प्रमाणात पेट घेतो. आर-22 च्या जुन्या मशीनमध्ये स्वस्त पडतो म्हणून असा ज्वलनशील गॅस भरणं म्हणजे झोपायच्या खोलीत धोका टांगून ठेवणं, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. रक्तदान आणि आरोग्य शिबिरं भरवणाऱ्या लालबाग-परळच्या मंडळांनी उन्हाळ्यापूर्वीचा एक शनिवार विभागातल्या मेकॅनिकांसाठी ठेवावा. कंपन्यांनी तिथे आपले शिक्षक आणि रिकव्हरी मशीन घेऊन यावं. चिंचपोकळीहून लालबाग काही लांब नाही.

शेवटची गळती भंगारात होते. गिरगावातल्या कितीतरी घरांत 2003 पूर्वीचे फ्रिज अजून चालू आहेत. त्यांतल्या अनेकांत आर-12 आहे, सुमारे 10,900 पटीचा. शे-सव्वाशे ग्रॅमच असतो, पण सुटला की सव्वा टन कार्बन डायऑक्साइडची बरोबरी करतो. भंगारवाला तांब्यासाठी नळी कापतो, सूं होतं, संपलं. त्याच्या काट्यावर तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम सगळ्याला भाव आहे. गॅसला नाही, म्हणून गॅस हवेत जातो. 1 एप्रिल 2023 पासूनच्या ई-कचरा नियमांनी फ्रिज-एसीच्या शेवटाची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. मग उत्पादकांनी सरळ भाव जाहीर करावा: पकडून आणलेल्या गॅसला किलोमागे इतके रुपये. तो शुद्ध करून पुन्हा विकता येतो. आर-22 चं उत्पादन तर घटतच जाणार, जुन्या मशीनांना तो लागणारच, तेव्हा घाटा कुणाचाच नाही. काट्यावर गॅसला भाव आला की भंगारवालाच त्याचा सर्वांत कडक रखवालदार होईल.

महापालिकेलाही एक सांगणं. मार्च 2022 चा मुंबईचा वातावरण कृती आराखडा चांगला आहे, 2050 पर्यंत नक्त शून्याचं ध्येय त्यात आहे. पण 2019 सालच्या सुमारे 2.34 कोटी टन उत्सर्जनाचा हिशेब मांडताना रकाने आहेत ते ऊर्जा, वाहतूक आणि कचरा यांचे. गळणाऱ्या गॅसला स्वतंत्र रकाना नाही. जे वहीत लिहिलं जात नाही ते कमी झालं की वाढलं, कोण सांगणार? सुरुवात स्वतःच्या इमारतींपासून करा. पालिकेची रुग्णालयं, नाट्यगृहं, कार्यालयं इथे वर्षाला किती किलो गॅस भरला गेला, तो आकडा प्रसिद्ध करा. भरलेला प्रत्येक किलो हा आधी गळलेला किलो असतो, त्यामुळे गळती मोजायला वेगळं यंत्रही लागणार नाही. देखभालीचं कंत्राट देताना अट घाला: गळती दुरुस्त केल्याशिवाय गॅसचं बिल मंजूर होणार नाही.

हीच अट आपल्या घरालाही लावता येते, आणि त्यासाठी कुठल्याही ठरावाची वाट पाहायला नको. मेकॅनिक म्हणाला गॅस कमी आहे, तर आधी लीक दाखवायला सांगा. नायट्रोजन भरून, फेस लावून तो शोधता येतो. जोड दुरुस्त झाला, व्हॅक्यूम झाला, मगच गॅस, आणि तोही वजन करून. बिलावर गॅसचं नाव, वजन आणि लीकची जागा लिहून घ्या. एसी हलवताना पंप डाऊनशिवाय नटाला हात लावू देऊ नका. आणि या कामाचे जास्तीचे पाचशे-हजार रुपये कुरकुर न करता द्या, कारण त्या माणसाचा तासभर वेळ त्यात जातो. गॅस कमी असलेलं मशीन वीजही जास्त खातं, तेव्हा ते पैसे विजेच्या बिलातूनही परत येतील.

सोसायटीच्या येत्या वार्षिक सभेत रंगाचा आणि पार्किंगचा विषय होईलच. त्यात एक विषय वाढवा: आपल्या इमारतीत काम करणाऱ्या एसी मेकॅनिककडे प्रमाणपत्र, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा नसेल तर त्याला गेटवर पास मिळणार नाही. दोन इमारतींनी हे केलं तर मेकॅनिक कुरकुर करतील. गल्लीने केलं तर ते पंप विकत घेतील. अख्ख्या लालबाग-परळने केलं तर कंपन्या स्वतःहून पंप घेऊन दारात उभ्या राहतील, कारण गिऱ्हाईक आपण आहोत.